न मिळवलेला हात

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं माहीत आहे. हे नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मी नऊ दिवस बसून होतो, पुष्कळ बोललो, जुन्या चुकाही कबूल केल्या — पण ही केली नाही. तुम्हाला सांगतोय. का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. खरं कारण असं, की चार महिन्यांपूर्वी मी एका माणसाबद्दल पानभर मजकूर लिहिला, त्यात एक वाक्य धडधडीत खोटं लिहिलं, आणि ते आता इंग्लंडमधल्या एका गावात छापून आलं आहे.

तो माणूस म्हणजे जेफ्री थॉर्नबी. आम्ही त्यांना थॉर्नबी साहेब म्हणायचो, मैदानावर नुसतं कॅप्टन. त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असण्याचं कारण नाही. मोठ्या मैदानावर ते कधी खेळले नाहीत. उत्तर इंग्लंडमधल्या एका खेड्यात त्यांच्या वडिलांची पावाची भट्टी होती. चौदाव्या वर्षी ते गावच्या टीममध्ये आले आणि बाविसाव्या वर्षी कॅप्टन झाले. पुढे कोणीतरी त्यांना पगारी खेळाडू म्हणून बोलावलं होतं, ते गेले नाहीत. आठवडाभर ऑफिसात नकाशे काढायचे आणि शनिवारी गावासाठी खेळायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मग पाइपलाइनचं इंजिनिअरिंग त्यांना देशोदेशी घेऊन गेलं, आणि जिथे गेले तिथे त्यांनी आधी अकरा माणसं गोळा केली. दोह्यात आले तेव्हा केस पांढरे झाले होते. इथेही गोळा केली. त्यातला शेवटचा मी.

मी विट्याचा. वडील यंत्रमागावर. घरात पहिला पदवीधर मी — बी. कॉम., तेही गावातल्याच कॉलेजात. इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळ आली की घाम फुटायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा दोह्यात आलो आणि त्यांच्या ऑफिसात फाइली लावायला आणि झेरॉक्स काढायला लागलो. पहिल्याच महिन्यात साहेबांनी विचारलं, तुम्ही खेळता का? तुम्ही — इंग्रजीत तो फरक नसतो, पण मला तो त्यांच्या आवाजात ऐकू आला. मी म्हटलं, टेनिस बॉलने. ते म्हणाले, बॉल बॉलच असतो, शुक्रवारी पहाटे पाच वाजता खाली उभे राहा.

ते स्वतः गाडी घेऊन आले. डिकीत काथ्याची मॅटिंग, खिळे, हातोडा आणि चहाचे दोन मोठे थर्मास. अल रय्यानच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक सपाट माळ होता, मध्ये सिमेंटची पट्टी. गवताचं एक पातं नाही. पट्टीवरची वाळू साहेब स्वतः झाडायचे, खिळेही बरेचसे स्वतःच ठोकायचे. जुम्म्याच्या नमाजाआधी मॅच संपली पाहिजे, म्हणून उजाडताच पहिला बॉल पडायचा. आमच्यात क्लार्क होते, ड्रायव्हर होते, हॉस्पिटलच्या लॅबमधला वसईचा डॉमनिक होता — तो विकेटकीपर, तोंडाचा फटकळ. पहिल्या दिवशी माझे पांढरे कॅनव्हासचे बूट बघून म्हणाला, "काय रे विटा, पीटीचा तास आहे का?" तेव्हापासून माझं नाव विटा.

साहेब बॅटिंगला सातव्या नंबरवर यायचे, नव्या पोरांना आधी पाठवायचे. बॅटची पुसटशी कड लागली आणि कीपरने झेल घेतला, की अंपायरकडे न बघता चालू लागायचे. डॉमनिक म्हणायचा, "आपल्या कॅप्टनला आउट करायला अंपायर लागत नाय, नुसता आवाज पुरतो."

आणि एक पद्धत होती. ती नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. आमच्या त्या लीगमध्ये बाहेरचे अंपायर नसत. बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघे अंपायर म्हणून उभे राहत. त्यामुळे भांडणं व्हायची, कधी स्टंप उपटून हातात घेण्यापर्यंत. पण थॉर्नबी साहेबांच्या मॅचमध्ये नाही. झेलाबद्दल शंका आली, की ते झेल घेणाऱ्या आपल्या माणसासमोर जाऊन उभे राहत, हॅट काढत आणि एकच शब्द विचारत, "क्लीन?" — म्हणजे टप्पा न पडता घेतला ना? तो हो म्हणाला तर ते अंपायरकडे बघून मान हलवत, आणि समोरच्या टीमचा अंपायर स्वतःच्या माणसाला आउट देई. तो नक्की माहीत नाही म्हणाला, तर साहेब स्वतः बॅट्समनला परत बोलावत. असं दोनदा झालेलं मी पाहिलं होतं. नक्की नाही म्हणणाऱ्या फिल्डरला ते रागावले नाहीत. उलट त्या दिवशी त्याला पहिला चहा मिळाला.

म्हणजे खरं सांगून माझं काहीच जाणार नव्हतं. हे लक्षात ठेवा. मी तेव्हा विसरलो नव्हतो.

आता अन्वरभाई. खेड तालुक्यातले, एसी मेकॅनिक, त्यांच्या कंपनीच्या टीमचे कॅप्टन. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. मैदानात मराठी बोलणारे आम्ही तिघेच — ते, डॉमनिक आणि मी. माझ्या पहिल्या हिवाळ्यात खोलीतला एसी गळत होता, त्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन दुरुस्त केला आणि वर घरून आलेली कुळथाची पिठी देऊन गेले. इंग्रजी त्यांना फारसं येत नसे, पण थॉर्नबी साहेबांवर त्यांचा फार जीव. साहेब फिल्डिंग कशी लावतात ते सीमेपाशी बसून बघायचे आणि पुढच्या शुक्रवारी आपल्या टीमला तशीच लावायचे. मला म्हणायचे, "तुझ्या साहेबाकडे बघून वाटतं, हा माणूस अंपायर म्हणून वर बसला तर जगाची भांडणं खलास."

त्या शुक्रवारी आमची मॅच त्यांच्याशीच होती. मी येऊन दोन वर्षं झाली होती. शेवटच्या काही ओव्हर उरल्या होत्या, अन्वरभाई जमलेले, आणि जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या त्यांना. मी मिडविकेटला. त्यांनी एक बॉल जोरात पण खाली मारला. मी पुढे झेप घेतली. बॉल माझ्या हातात आला.

कसा आला? मी इतकी वर्षं हे वाक्य मनात टाळत आलो. बॉल आणि माझी बोटं यांच्यामध्ये वाळू होती. टप्पा माझ्या बोटांच्या अगदी पुढ्यात पडला, वाळू उडाली, आणि तिच्यासकट बॉल तळहातात बसला. मला कळलं. पडल्या पडल्या कळलं. शंका वगैरे काही नव्हती.

पण मी उठेपर्यंत दहा जण ओरडले होते. कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडत होतं — विटा, विटा! दोन वर्षांत माझ्या नावाने कोणी असं ओरडलं नव्हतं. मी बॉल असलेला हात वर केला.

अन्वरभाई जागेवरून हलले नाहीत. साहेब चालत माझ्यापाशी आले, हॅट काढली. "क्लीन?"

"येस सर," मी म्हटलं.

आणि उजवा हात पॅन्टला पुसला.

इथे थांबलो असतो, तर ही गोष्ट तुम्हाला सांगावी इतकी मोठी नव्हती. खोटा झेल घेणारे पुष्कळ असतात. माझी गोष्ट इथून पुढे आहे.

साहेबांनी अंपायरकडे मान हलवली. अन्वरभाईंचाच माणूस तो, त्याने बोट वर केलं. अन्वरभाई क्रीज सोडून आमच्याकडे आले. डॉमनिक मागे स्टंपपाशीच राहिला होता. रागाने नाही — मला त्यांचा चेहरा स्वच्छ आठवतो, त्यावर राग नव्हता. बॅट काखेत, ग्लोव्हज काढलेले. साहेबांसमोर उभे राहिले, आणि इंग्रजी जमेना म्हणून माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले:

"साहेबाला सांग, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण टप्पा पडला होता. मी समोरून बघितलं. तू पडलेला होतास, तुला कदाचित नसेल दिसलं. त्यांना एवढं सांग, आणि मग ते म्हणतील तसं."

तुला कदाचित नसेल दिसलं. त्यांनी माझ्यासाठी वाटसुद्धा ठेवली होती. मी एवढंच म्हणायचं होतं — सर, मला नक्की सांगता येत नाही. पहिला चहा मिळाला असता.

साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतोय तो?

मी काय केलं ते सांगतो. मी विचार केला. लोक म्हणतात, अशा वेळी काही सुचत नाही, तोंडातून भलतंच निघून जातं. माझं तसं झालं नाही. मला स्पष्ट सुचलं. अन्वरभाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं तर साहेब पुन्हा माझ्याकडे वळतील, पुन्हा विचारतील, आणि दुसऱ्यांदा त्या डोळ्यांकडे बघून येस सर म्हणणं मला जमणार नाही. तेव्हा साहेबांनी पुन्हा विचारूच नये, असं काहीतरी सांगायला हवं होतं. आणि साहेबांचं दुखरं ठिकाण मला माहीत होतं.

मी इंग्रजीत, भरभर, म्हटलं — तो म्हणतो, असं खोटं बोलायला तुम्हीच आम्हाला शिकवता, सर.

अन्वरभाईंना ते भरभर इंग्रजी कळलं नाही. त्यांना वाटलं, मी त्यांचं म्हणणं पोचवलं. त्यांनी साहेबांकडे बघून मान डोलावली. म्हणाले, "येस सर. येस."

ते दोन शब्द मला अजून ऐकू येतात. माझ्या खोट्यावर त्यांनी स्वतःच्या तोंडाने शिक्का मारला. मी मारवून घेतला.

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांनी हॅट डोक्यावर घातली आणि आपल्या जागेवर परत गेले. अन्वरभाई क्षणभर उभे राहिले, माझ्याकडे बघून खांदे उडवले — म्हणजे, ठीक आहे, सांगितलंस, ऐकलं नाही त्याने — आणि चालू लागले. आम्ही मॅच जिंकलो.

मॅच संपली की दोन्ही टीमनी ओळीने उभं राहून एकमेकांशी हात मिळवायचे, हाही साहेबांचाच नियम. चहा त्यानंतर. भांडखोर टीमही तो पाळायची. साहेब ओळीत सगळ्यांत पुढे. त्यांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला. अन्वरभाईंपाशी आले. अन्वरभाईंनी हात पुढे केला — आणि साहेब त्यांच्या पुढच्या माणसाकडे गेले.

अन्वरभाईंचा हात तसाच राहिला. किती वेळ? फार नाही. पण दोन्ही टीमच्या लोकांनी पाहिला. मग तो त्यांनी खाली घेतला, बॅट उचलली आणि चहा न घेता निघून गेले. ओळीत साहेबांच्या मागे माझाच नंबर होता हात मिळवायला. मीही हात पुढे केला नाही, बूट बघत राहिलो.

गाडीत डॉमनिक एकदाच म्हणाला, "ए विटा, झेल घेतल्यावर तू हात कशाला पुसत होतास रे?" मी म्हटलं, घाम. तो खिडकीबाहेर बघायला लागला. त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही.

तुम्हाला वाटेल, नोकरीचं काही होतं का? होतं. साहेबांनी डॉक्युमेंट कंट्रोलरच्या जागेसाठी माझी शिफारस केली होती, आणि ती जागा मला मिळाली. पण शिफारसपत्र मॅचच्या आधीच गेलं होतं. तेव्हा नोकरीसाठी केलं असं मला म्हणता येणार नाही. झेरॉक्सचे कागद हाताळणारा मी पुढे ड्रॉइंगचा एक-एक कागद जपणारा माणूस झालो. साहेब मला सुरक्षेच्या सूचना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावत, उच्चार चुकला की पुन्हा वाचायला लावत. माझं इंग्रजी त्यांनीच घडवलं. ज्या इंग्रजीने मी त्यांना फसवलं, तेसुद्धा त्यांनीच दोन वर्षं शिकवलेलं होतं.

अन्वरभाई पुढच्या शुक्रवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्या टीमने दुसरा कॅप्टन केला. मला दुसऱ्याकडून कळलं, की त्यांच्या कामगार कॅम्पमध्ये लोक चिडवतात — इंग्रजाने हात झिडकारलेला माणूस म्हणून. त्यांनी किट कोणाला तरी देऊन टाकलं.

वर्षभराने ते मला अल नस्रमध्ये भेटले, एका किराणा दुकानात. मी वळून निघणार होतो, त्यांनीच हाक मारली. केस पिकले होते. माझ्या नोकरीची चौकशी केली, लग्न ठरल्याचं ऐकून खूश झाले. मग पिशवी खाली ठेवून म्हणाले, "झेलाचं सोड. झेल काय, खेळ आहे. पण शेकहँड का नाय केला रे त्याने? मी असं काय वाईट बोललो? तू सांगितलंस ना सगळं नीट?"

मी म्हटलं, "सांगितलं, अन्वरभाई."

"मग झालं," ते म्हणाले. "तुझी काय चूक त्यात." आणि दुकानातून घेतलेल्या खजुराच्या पिशवीतले मूठभर खजूर माझ्या हातावर ठेवले.

मी ते खाल्ले. तिथेच उभं राहून.

साहेब आणखी काही वर्षं खेळले. साठी ओलांडल्यावर निवृत्त होऊन परत निघाले, तेव्हा आम्ही त्यांना एका हॉटेलात जेवण दिलं. तोवर दोहा ओळखू येईना झालं होतं. समुद्रात भर टाकून बेट बनत होतं, आमच्या माळावर व्हिलांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. भाषणं झाल्यावर ते मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, चाळीसहून जास्त वर्षं कॅप्टन होतो, आणि एका माणसाचा हात मी घेतला नाही. रात्री आठवतं. त्याने ते म्हटलं, पण मी कॅप्टन होतो, मी हात द्यायला हवा होता का?

इतका सरळ दरवाजा मला पुन्हा कोण उघडून देणार होतं? अन्वरभाई तेव्हा दोह्यातच होते, टॅक्सीने वीस मिनिटांवर. साहेबांचं विमान दोन दिवसांनी होतं. वेळ होता.

मी म्हटलं, "नाही सर. तुम्ही बरोबर होता."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि थँक यू म्हणाले.

या वर्षी ते गेले. त्यांच्या गावच्या क्लबकडून ईमेल आली — स्मरणिका काढतोय, कतारमधल्या वर्षांबद्दल कोणीतरी लिहा. सगळ्यांनी माझं नाव सुचवलं, इंग्रजी माझं चांगलं म्हणून. मी लिहिलं. मॅटिंग, खिळे, थर्मास, पहाटेची गाडी, सगळं खरं. आणि शेवटी लिहिलं, की आपल्या साऱ्या कारकिर्दीत त्यांनी एकाही प्रतिस्पर्ध्याचा हात नाकारला नाही. माझ्या मुलीने ते वाचलं. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. म्हणाली, "बाबा, धिस लास्ट लाइन इज द बेस्ट."

ते वाक्य मी कशासाठी लिहिलं? त्यांची लाज झाकायला, असं मी स्वतःला सांगितलं. पण लाज त्यांची नव्हतीच कधी. आणि अन्वरभाईंचा तो पुढे केलेला हात मी दुसऱ्यांदा पुसून टाकला, या वेळी छापून.

अन्वरभाई आता गावी असतात. डॉमनिककडे त्यांचा नंबर आहे, म्हणजे माझ्याकडेही आहे. साहेबांना आता काही सांगता येणार नाही.

त्या दिवशी मला भाषांतर करता येत नव्हतं, असं नाही. चांगलं येत होतं. मैदानात उभं राहून, हॅट हातात घेतलेल्या त्या माणसाला मी जे सांगायचं होतं ते हे होतं — सर, हे म्हणतात, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण टप्पा पडला होता. आणि सर, ते खरं बोलतायत. वाळू अजून माझ्या हाताला आहे.